नसण्याचे प्रमाण : ‘वीज नाही’ हे कसे ठरवावे?



सारा जन्म मराठी साहित्य शिकवण्यात घालवलेल्या माणसाने विजेच्या टेस्टरवर व्याख्यान द्यावे, हे आपणांस चमत्कारिक वाटले असेल. निमंत्रण घेऊन आलेल्या मंडळींनी संतवाङ्मय किंवा बडोद्याची साहित्यपरंपरा असा काही विषय गृहीत धरला होता. मी विषय सांगितला तेव्हा क्षणभर कोणीच बोलले नाही. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते आपल्या शाळेच्या कार्यशाळेत विद्युतजोडणीचे काम शिकवीत असत. त्यांच्या आयुष्यातील एका सलाचा मी साक्षीदार आहे. त्या सलाची हकिकत सांगितल्यावाचून त्यांचे स्मरण पुरे होणार नाही, असे मला वाटते.

माझा धाकटा भाऊ याच शाळेचा विद्यार्थी. गुरुजींच्या हाताखाली शिकून तो वायरमन झाला आणि शहराबाहेरच्या कारखान्यांतून कामे करू लागला. १९८१ साली एका कारखान्यात मोटारीची जोडणी बदलायची होती. त्याने लोखंडी पेटीतला मेन स्विच खाली ओढला, खिशातला टेस्टर काढून मोटारीच्या टोकांना लावला. दिवा लागला नाही. वीज गेली असे समजून त्याने तारेला हात घातला. मागाहून असे आढळले की, स्विचचा दांडा खाली आला तरी तीन पात्यांपैकी एक पाते जागचे हललेच नव्हते. टेस्टर चालू सॉकेटला लावून पाहिला, तेव्हा तोही मुका असल्याचे कळले. त्यातला दिवा केव्हा निकामी झाला होता, देव जाणे. भाऊ वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली आणि वायरमनचे काम सुटले.

गुरुजी दवाखान्यात आले. बराच वेळ बसून राहिले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “तार तपासायला मीच शिकवलं त्याला. टेस्टर तपासायला शिकवलं नाही.” पुढच्या सत्रापासून कार्यशाळेच्या भिंतीवर त्यांच्या हस्ताक्षरातली पाटी लागली : ‘आधी टेस्टर, मग तार, पुन्हा टेस्टर.’ माझ्या वयाच्या जवळपासचे जे माजी विद्यार्थी समोर बसले आहेत, त्यांतील अनेकांना ती पाटी आठवत असेल. आजचे व्याख्यान म्हणजे त्या पाटीवरचे भाष्य होय. यातील तांत्रिक माहिती मी भावाकडून आणि आपल्या शाळेतून अभियंते झालेल्या काही मंडळींकडून समजून घेतली आहे. पाटीचा अर्थ मात्र मला माझ्याच अभ्यासविषयाच्या वाटेने उमगला. तेव्हा प्रथम त्या वाटेने जाऊ.

अभावाचे ज्ञान

एखादी वस्तू आहे हे आपण डोळ्यांनी पाहून सांगतो. ती नाही हे कशाच्या बळावर सांगतो? आपल्या दर्शनकारांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला. सातव्या शतकाच्या सुमाराचे कुमारिल भट्ट आणि त्यांच्या परंपरेतील मीमांसक, तसेच अद्वैत वेदान्ती, यांनी प्रत्यक्ष, अनुमान इत्यादी प्रमाणांच्या जोडीला ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले. अनुपलब्धी म्हणजे न आढळणे. जमिनीवर घडा आढळत नाही, म्हणून तेथे घडा नाही, हे त्याचे ठरलेले उदाहरण. नैयायिकांना हे स्वतंत्र प्रमाण मान्य नव्हते. तरी एका गोष्टीवर या मंडळींचे एकमत होते : नुसते न आढळणे पुरेसे नाही. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून तो तेथे नाही असे म्हणता येत नाही. पुरेसा उजेड आहे, डोळे धड आहेत, मध्ये आडोसा नाही, घडा असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती असेल तरच त्याचे न दिसणे हे त्याच्या नसण्याचे प्रमाण ठरते. यालाच ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात.

माझ्या भावाने अनुपलब्धीवर विश्वास ठेवला. तिची योग्यता तपासली नाही. ‘दिवा लागला नाही’ आणि ‘वीज नाही’ या दोन वाक्यांच्या मध्ये ‘वीज असती तर दिवा लागलाच असता’ हे तिसरे वाक्य असावे लागते. ते सिद्ध करण्याची जबाबदारी तारेला हात लावणाऱ्याची असते. टेस्टरची निवड ही त्या तिसऱ्या वाक्याची निवड होय. जे साधन हे वाक्य जितक्या ठामपणे म्हणू देईल, तितके ते अधिक योग्य. पुढचे सारे विवेचन या एका कसोटीवर आधारलेले आहे.

स्विच बंद केला म्हणजे काय झाले?

दुरुस्तीपूर्वी एखादे यंत्र किंवा वाहिनी विजेच्या प्रत्येक उगमापासून तोडणे आणि ती पुन्हा जोडली जाणार नाही अशी व्यवस्था करणे, याला ‘विलगीकरण’ म्हणतात. त्याचा क्रम सोपा आहे. कोणत्या वाहिनीवर काम करायचे ते नेमके ओळखावे. तिचा पुरवठा तोडावा. तोडलेल्या जागी कुलूप घालून किल्ली आपल्याच खिशात ठेवावी आणि ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी. त्यानंतर वीज खरोखर गेली आहे हे तपासून सिद्ध करावे. आवश्यक तेथे वाहिनी भूमीशी जोडावी आणि जवळपास चालू असलेले भाग झाकून घ्यावेत. पाटीविषयी भाषेचा मास्तर म्हणून एक सूचना करतो : तेथे वावरणाऱ्या माणसांना वाचता येईल अशाच भाषेत ती असावी. आपल्या शहरात गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषा पाटीवर आल्या तर त्या शोभेसाठी आल्या असे कोणी म्हणणार नाही.

कुलूप घातल्यावर पुन्हा तपासायचे कशाला, असा प्रश्न पडेल. त्याची कारणे अनेक आहेत. स्विचचे पाते अडकू शकते. ते आपण पाहिले. पॅनेलवरची नावे जुनी किंवा चुकीची असू शकतात. भलतीच वाहिनी बंद होते आणि हवी ती चालूच राहते. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद होताच तो आपणहून वीज देऊ लागतो. जनरेटरचा चेंजओव्हर नीट बसवलेला नसेल तर वीज उलट दिशेने येते. कपॅसिटरमध्ये पुरवठा तोडल्यावरही विद्युतभार साठून राहतो. दोन वाहिन्यांना कोणी एकच न्यूट्रल दिलेला असेल, तर एक वाहिनी बंद करून तो न्यूट्रल सोडवताच दुसऱ्या वाहिनीच्या दिव्या-पंख्यांतून आलेली वीज त्याच्या सुट्या टोकावर उभी राहते. ज्या तारेला वायरमन सर्वांत निरुपद्रवी समजतो, तीच तार त्या वेळी घातक ठरते.

यात अलीकडे आणखी एक भर पडली आहे. गुजरातेत घरांच्या छपरांवर सौरपट्ट्या मोठ्या संख्येने बसल्या, आणि २०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’ने या कामाला देशभर गती दिली. सूर्य आकाशात आहे तोवर या पट्ट्यांच्या टोकांवर एकदिश दाब असतो. घरातला मेन स्विच बंद केला तरी छपरापासून खाली येणारी वाहिनी जिवंत राहते.

‘बंद’ हा शब्द येथे फसवा आहे. बंद होतो तो स्विच. त्यापुढची तार निर्जीव झाली की नाही, हे त्या शब्दात सांगितलेले नसते. म्हणून दोन अवस्थांना दोन निरनिराळी वाक्ये वापरावीत, असे मी सुचवीन : ‘बंद केले’ आणि ‘तपासले, वीज नाही’. पहिले वाक्य ऐकून कोणीही तारेला हात लावू नये.

खिशातला टेस्टर आणि त्याचे सोबती

आता साधनांकडे वळू. आपल्याकडे ‘टेस्टर’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो स्क्रू-ड्रायव्हरच्या आकाराचा, मुठीत निऑनचा इवलासा दिवा असलेला. त्याचे टोक तारेला लावून मागच्या धातूवर बोट ठेवले की तार, रोधक, दिवा, आपले शरीर आणि जमीन अशा वाटेने अत्यल्प प्रवाह वाहतो. रोधक साधारणतः दहा लक्ष ओहमचा असतो. म्हणजे २३० व्होल्टांवर फार तर ०.२३ मिलिअँपिअर प्रवाह जातो. माणसाला प्रवाहाची जाणीव साधारणतः अर्ध्या मिलिअँपिअरपासून होऊ लागते, म्हणून आपणांस काही कळत नाही. परंतु या रचनेचा अर्थ ध्यानात घ्या : तपासणी करणारा माणूस स्वतःच त्या साधनाचा एक भाग झालेला असतो. कोरड्या लाकडी घोडीवर, जाड रबरी तळव्यांची पादत्राणे घालून तो उभा असेल तर दिवा मंद होतो. भर उन्हात मंद दिवा दिसतच नाही. दिवा गेलेला असेल तर काहीच कळत नाही. सुमारे ६० ते ९० व्होल्टांखाली निऑन पेटत नाही. उलट प्रत्यावर्ती दाब ५० व्होल्टांच्या वर गेला की तो धोकादायक मानतात. उलट बाजूने, शेजारच्या तारेच्या प्रभावाने निर्जीव तारेवरही कधी तो लुकलुकतो. आणि ओल शिरून किंवा रोधक बिघडून शॉक बसण्याची शक्यता राहते ती वेगळीच. या टेस्टरचा दिवा लागला तर सावध व्हावे. लागला नाही तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

दुसरे साधन म्हणजे तारेला न टेकता, नुसते जवळ नेले की लुकलुकणारी वा वाजणारी कांडी. ती तारेभोवतीचे विद्युतक्षेत्र ओळखते. भिंतीतली वाहिनी कोठून जाते हे ढोबळमानाने शोधायला ती उपयोगी आहे. परंतु भूमीशी जोडलेल्या धातूच्या नळीत किंवा चिलखती केबलमध्ये तार असेल तर ते क्षेत्र बाहेर येत नाही आणि कांडी गप्प राहते. एकदिश दाब तिला कळत नाही. म्हणजे सौरपट्टीच्या वाहिनीजवळ ती अंधारातल्या डोळ्यांसारखी. बॅटरी उतरली की तीही मुकी. मोबाइलच्या दुकानातही मिळू लागलेल्या या कांडीने वीज नसल्याचा निर्वाळा देणे, ही आज नव्या पिढीतली सर्वांत सामान्य चूक आहे.

तिसरा आपला जुना होल्डर-बल्ब. होल्डरला दोन तारा जोडून केलेला हा दिवा खरा प्रवाह ओढतो, म्हणून शेजारच्या तारेच्या नुसत्या प्रभावाने तो फसत नाही, हा त्याचा गुण. दोष पुष्कळ. दोन फेजांच्या मध्ये ४१५ व्होल्टांच्या सुमारास दाब असतो. तेथे एकच बल्ब लावला तर तो फुटण्याची भीती. म्हणून जुने वायरमन दोन बल्ब एकापुढे एक जोडीत. तारांची उघडी टोके बोटांना किंवा एकमेकांना लागू शकतात. तंतू तुटलेला असेल तर बल्बही निऑनप्रमाणेच खोटे सांगतो.

चौथे, मल्टिमीटर. हे उत्तम मोजमापाचे यंत्र आहे. तथापि ते अनेक कामांसाठी बनलेले असल्याने त्याचा खटका अनेक जागी फिरतो. घाईत तो प्रवाहाच्या जागी राहिला, किंवा तारा त्या छिद्रात राहिल्या आणि टोके चालू फेजला लागली, तर मीटर जवळजवळ शॉर्टसर्किट करतो आणि हातात ठिणगीचा स्फोट होऊ शकतो. खटका ओहमवर किंवा भलत्या मापावर असेल तर आकडा दिशाभूल करतो. शिवाय डिजिटल मल्टिमीटरचा आंतरिक रोध बहुधा कोटी ओहमच्या घरात असतो. त्यामुळे लांबवर समांतर गेलेल्या निर्जीव तारेवरही तो कधी पन्नास, कधी शंभर व्होल्ट दाखवतो. कारागीर या आकड्याला ‘भुताचा दाब’ म्हणतात. भुताला न घाबरण्याची सवय जडली की एके दिवशी खऱ्या दाबालाही भूत समजून हात घातला जातो. त्यातला खरा धोका हा आहे.

पाचवे साधन आहे ते केवळ या कामासाठीच घडवलेले : दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर. दोन मुठी, मध्ये जाड तार, एका मुठीवर दाबाचे टप्पे दाखवणाऱ्या दिव्यांची रांग. फिरवण्याचा खटका नाही. म्हणून चुकीच्या जागी ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. तो दोन बिंदूंमधील दाब थेट तपासतो. माणसाचे शरीर त्या वाटेत येत नाही. प्रत्यावर्ती आणि एकदिश दोन्ही दाब त्याला कळतात. बॅटरी उतरली असली तरी धोकादायक दाबाचा इशारा तो त्या दाबावरच देतो. यांपैकी अनेकांवर अधिक प्रवाह ओढणारी कळ असते. ती दाबताच भुताचा दाब ओसरतो आणि खरा टिकून राहतो. मात्र फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये तपासताना ही कळ दाबल्यास गळती-संरक्षक स्विच पडू शकतो, हे माहीत असावे. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचे ६१२४३-३ हे मानक याच टेस्टरांसाठी असून ते प्रत्यावर्ती १००० आणि एकदिश १५०० व्होल्टांपर्यंतच्या पद्धतींना लागू पडते. ‘वीज असती तर दिसलीच असती’ हे वाक्य या पाच साधनांपैकी सर्वांत ठामपणे म्हणू देणारे साधन हेच होय.

निवड करताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, टेस्टरवर छापलेला वर्ग आणि दाब. वाहिन्यांवर वीज कोसळली किंवा मोठी यंत्रे चालू-बंद झाली की क्षणार्धाकरिता हजारो व्होल्टांची लाट येते. मापनसाधन ती सोसू शकेल की नाही, हे ‘कॅट’ या वर्गावरून कळते. कॅट २ हा सॉकेटला लावून चालणाऱ्या उपकरणांसाठी, कॅट ३ इमारतीतील वितरण-पेट्या व पक्क्या जोडण्यांसाठी, कॅट ४ पुरवठा इमारतीत येतो त्या जागेसाठी, म्हणजे मीटर आणि त्याच्या अलीकडच्या वाहिनीसाठी. कॅट ३, ६०० व्होल्टांचे साधन ६००० व्होल्टांची क्षणिक लाट सोसेल अशा बेताने तपासलेले असते. कॅट ४, ६०० व्होल्टांचे ८००० व्होल्टांची. आपण रोज २३० व्होल्टांवरच काम करतो, मग ६०० ची काय गरज, असा युक्तिवाद येथे लटका पडतो. साधनाला रोजचा दाब सोसावा लागतोच. पण ते फुटते ते त्या एका क्षणाने.

दुसरी गोष्ट, टोके. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याच्या ‘जीएस ३८’ या मार्गदर्शिकेत सांगितले आहे की, तपासणीच्या टोकाचा उघडा धातू ४ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा. २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. कारण गर्दीच्या पॅनेलमध्ये लांब उघडे टोक एकाच वेळी दोन फेजांना टेकते. बोटे पुढे घसरू नयेत म्हणून मुठीवर कड असावी. तारा लवचीक, भक्कम, दुहेरी आवरणाच्या आणि रंगाने ओळखता येण्याजोग्या असाव्यात. साधनात फ्यूज किंवा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोधक असावा.

तिसरी गोष्ट, इशारा. उन्हात दिसेल असा दिवा आणि कारखान्याच्या गोंगाटात ऐकू येईल असा आवाज, दोन्ही असावेत. चौथी, साधनाचा दाब कामाच्या दाबाशी जुळला पाहिजे. अकरा हजार व्होल्टांच्या वाहिनीजवळ घरगुती वा कारखान्यातील टेस्टर नेणे म्हणजे मृत्यूला बोलावणे आहे. तेथे लांब विद्युतरोधक दांड्यावरचा, त्याच दाबासाठी बनवलेला शोधक आणि प्रशिक्षित, अधिकृत माणूसच हवा.

पाचवी गोष्ट बहुतेक लोक विकत घेत नाहीत, आणि गुरुजींच्या पाटीचे मर्म नेमके तिच्यात आहे. टेस्टर तपासण्यासाठी ज्ञात वीज लागते. जवळचे सॉकेट त्यासाठी चालेल; परंतु सारी इमारतच बंद असेल, किंवा ज्ञात विजेसाठी दुसरे चालू पॅनेल उघडावे लागत असेल, तर एक धोका टाळण्यासाठी दुसरा पत्करल्यासारखे होते. म्हणून हातात मावणारे, बॅटरीवर चालून स्वतः दाब निर्माण करणारे ‘सिद्धक’ यंत्र मिळते. टेस्टरची टोके त्यावर दाबली की दिव्यांची रांग एकामागून एक उजळते. काही टेस्टरांत स्वतःची परीक्षा घेणारी कळ असते. ती बॅटरी आणि दिवे पाहते. टोकांपासून टोकांपर्यंतची सारी वाट मात्र ती दर वेळी तपासतेच असे नाही. तिच्यावर विसंबू नये.

आधी टेस्टर, मग तार, पुन्हा टेस्टर

उत्तम साधनसुद्धा चुकीच्या रीतीने वापरले तर निऑनच्या टेस्टरइतकेच निरुपयोगी. तपासणीपूर्वी टेस्टरच्या तारांना चिरा, टोकांना सैलपणा नाही हे पाहावे. मग तो सिद्धकावर किंवा ज्ञात विजेवर लावून चालतो हे पाहावे. त्यानंतर जेथे हात घालायचा, नेमक्या त्याच जागी तपासावे. चार हात अलीकडच्या जोडणीत तपासून भागत नाही.

एकफेजी वाहिनीत तीन तपासण्या होतात : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थिंग, न्यूट्रल-अर्थिंग. एकाच तपासणीवर का थांबू नये? समजा, अर्थिंगची तार कोठे तरी तुटलेली आहे. मग फेज चालू असूनही फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये टेस्टर काही दाखवणार नाही. न्यूट्रल तुटला असेल तर हीच गत दुसऱ्या जोडीची. प्रत्येक जोडी तपासली म्हणजे एकीची उणीव दुसरी भरून काढते. तीनफेजी, न्यूट्रल आणि अर्थिंग असलेल्या वाहिनीत अशा जोड्या दहा होतात : फेज-फेज तीन, फेज-न्यूट्रल तीन, फेज-अर्थिंग तीन, न्यूट्रल-अर्थिंग एक. दहा जोड्यांना दोन मिनिटेही लागत नाहीत.

आणि शेवटी टेस्टर पुन्हा सिद्धकावर. हाच टप्पा सर्वांत अधिक गाळला जातो. पहिल्या परीक्षेनंतर आणि तारांच्या तपासणीच्या मध्येच टेस्टरचा फ्यूज गेला, टोक सैल झाले, तर आपणांस मिळालेली शांतता खोटी ठरते. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तो बोलला, तरच मधल्या काळातले त्याचे मौन हे प्रमाण होते. घडा शोधायला शिरताना दिवा तेवत होता आणि बाहेर पडतानाही तेवत होता, याची खात्री करून घेण्यासारखेच हे आहे. जेवणासाठी कामावरून उठून परत आल्यास, किंवा दुसऱ्या कोणी जोडणीत फेरफार केल्यास, सारा क्रम पुन्हा पहिल्यापासून करावा. काल मिळालेले अभावाचे ज्ञान आज उपयोगी पडत नाही.

समारोप

हे सारे महाग आहे, अशी तक्रार मी ऐकली आहे. दोन टोकांचा चांगला टेस्टर आणि सिद्धक यांची किंमत निऑनच्या टेस्टरच्या कित्येक पट होते, हे खरे. रोजंदारीवर काम करणाऱ्या वायरमनने ती आपल्या खिशातून द्यावी, अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. ज्याच्या घरात, कारखान्यात, सोसायटीत काम चालते त्याने ती द्यावी. आपल्यापैकी पुष्कळ जण आज अशा जागी आहेत की, एका सहीने हे साहित्य घेता येईल. काम करायला आलेल्या माणसाला चहा विचारतो, तसे “टेस्टर तपासलात का?” एवढेही विचारता येईल. हा प्रश्न विचारण्यात त्याचा अपमान नाही. तो सुखरूप घरी जावा, ही इच्छा आहे.

महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली या शहरात कलाभवन उभे राहिले. त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा आग्रह होता की, तंत्रविद्या लोकांच्या भाषेतून पोचली पाहिजे. कारण कारागिराच्या हाताला जे शिकवायचे, ते त्याच्या कानाला आधी कळावे लागते. गुरुजींची पाटी त्याच परंपरेतली. सहा शब्द, सारे बोलीतले, आणि त्यांत प्रमाणशास्त्रातील एक सूक्ष्म सिद्धान्त अचूक सामावलेला. मीमांसा त्यांनी वाचली नव्हती. एका विद्यार्थ्याच्या आखडलेल्या बोटांनी त्यांना ते शिकवले.

माझ्या भावाने पुढे विद्युतसाहित्याचे दुकान काढले. आता ते त्याचा मुलगा पाहतो. टेस्टर विकायचा तर गिऱ्हाइकाच्या देखत तो गल्ल्याजवळच्या सॉकेटला लावून दाखवायचा आणि गिऱ्हाइकाकडूनही तसे करवून घ्यायचे, हा त्या दुकानाचा नियम आहे. कार्यशाळेची जुनी इमारत पाडली तेव्हा गुरुजींची पाटी त्याने मागून नेली. ती आज त्या सॉकेटच्या वर लावलेली आहे. नव्या कार्यशाळेत तशीच एक पाटी पुन्हा लागावी, आणि तिच्याखाली दोन टोकांचा एक टेस्टर व एक सिद्धक कायमचे असावेत, एवढी विनंती मी संस्थेच्या विश्वस्तांना या व्यासपीठावरून करतो. या व्याख्यानाचे मानधन त्या कामी लावावे.